दीड मिलिमीटरची पूर्वतयारी

गर्भारपणाचे अकरा आठवडे पुरे झाल्यापासून तेरा आठवडे आणि सहा दिवस होईपर्यंत, म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांच्या मुदतीत, जी सोनोग्राफी करून घ्यावी लागते, तिला वैद्यकीय परिभाषेत ‘एनटी स्कॅन’ आणि बीड जिल्ह्याच्या व्यवहारात ‘तिसऱ्या महिन्याची सोनोग्राफी’ असे म्हणतात. गर्भाच्या मानेच्या मागच्या बाजूस, त्वचेखाली, या काळात द्रवाचा एक पातळ थर असतो. त्या थराची जाडी मोजणे हे या तपासणीचे मुख्य प्रयोजन असून बहुतेक गर्भांत ती एक ते दोन मिलिमीटर, म्हणजे ढोबळमानाने दीड मिलिमीटर, भरते. मोजायची वस्तू दीड मिलिमीटरची, आणि ती मोजण्यासाठी हलवावी लागणारी यंत्रणा मात्र सासर, माहेर, आशाताई, एसटी महामंडळ, जिल्हा शल्य चिकित्सक आणि संसदेचा एक कायदा एवढ्या विस्ताराची, असे व्यस्त प्रमाण एका जागेसाठीच्या ग्रामपंचायत पोटनिवडणुकीखेरीज अन्यत्र सहसा आढळत नाही. या पूर्वतयारीचे, बीड जिल्हा हे क्षेत्र धरून केलेले, विवेचन पुढीलप्रमाणे.

प्रथम या दीड मिलिमीटरचे महत्त्व. लॅंग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरने १८६६ साली विशिष्ट प्रकारच्या मतिमंदत्वाचे वर्णन करताना अशा मुलांची त्वचा अंगाला सैल झाल्यासारखी दिसते, अशी नोंद केली होती. त्या मुलांच्या पेशींत शेहेचाळीसऐवजी सत्तेचाळीस गुणसूत्रे असतात हे १९५९ साली फ्रान्समध्ये सिद्ध झाले. आणि लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील कायप्रॉस निकोलायडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली असे दाखवले की ही त्वचेखालची जाडी गर्भाच्या तिसऱ्या महिन्यातच सोनोग्राफीने मोजता येते आणि ती जास्त भरल्यास गुणसूत्रांतील दोषाची शक्यता वाढते. या मापाला आईचे वय आणि ‘डबल मार्कर’ या रक्ततपासणीची जोड दिली, तर डाउन सिंड्रोम असलेल्या दहांपैकी नऊ गर्भांवर संशयाची खूण पडते. डबल मार्कर म्हणजे आईच्या रक्तातील दोन द्रव्यांचे मोजमाप. पण नाव ऐकताच जुळ्यांचा पाळणा सांगून ठेवायला निघालेल्या कुटुंबप्रमुखास थांबवण्याचे काम प्रत्येक प्रसूतितज्ज्ञास केव्हा ना केव्हा करावे लागते.

यंत्राची वंशावळही विषयाला पोषक आहे. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात नेल्या आणि धातूतली चीर हुडकण्याचे ध्वनियंत्र त्या गाठींवर चालवून पाहिले. १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा सहकाऱ्यांसह लिहिलेला निबंध प्रसिद्ध झाला, आणि बॉयलरचे पोट तपासण्याची विद्या बायकांच्या पोटाकडे वळली. बॉयलर आणि ही तपासणी यांचा संबंध बीड जिल्ह्यात अजूनही तुटलेला नाही. तो कोणत्या स्वरूपात टिकून आहे, हे लवकरच दिसेल.

पूर्वतयारीचा पहिला भाग तारखेचा आहे. वैद्यकशास्त्र गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजते, त्यामुळे प्रत्यक्ष गर्भधारणा होते त्या दिवशी गर्भ कागदोपत्री दोन आठवड्यांचा झालेला असतो. अस्तित्वात येण्यापूर्वीच दोन आठवड्यांची सेवाज्येष्ठता पदरात पाडून घेणारा असा दुसरा जीव जिल्हा परिषदेतही सापडणार नाही. जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने चालणारा हिशेब या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवून बाळंतपणाचा दिवस काढतो, तर मराठवाड्यातील आजीबाईंचा हिशेब नऊ महिने नऊ दिवसांचा आहे. दोन परंपरांत अंतर अवघे दोन दिवसांचे असून बाळे त्यांपैकी एकीलाही फारशी जुमानत नसल्यामुळे वादाला कारण उरत नाही.

खरी अडचण मूळ तारखेची असते. ‘शेवटची पाळी कधी आली होती?’ या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी तारखेने क्वचितच मिळते. ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’, ‘गौरी बसल्या त्या दिवशी’, ‘नणंदबाईच्या साखरपुड्यात मी बाहेर होते की, तवाच’ अशा स्वरूपाची उत्तरे येतात. आणि वरवर अडाणी वाटणारी ही पद्धत वस्तुतः फार अचूक असते, कारण गौरीच्या दिवशी ज्या सुनेला देवघराकडे फिरकू दिले गेले नाही, तिची ती तारीख तिच्यासकट सासू, दोन जावा आणि नैवेद्य करताना एकटी पडलेली धाकटी नणंद अशा चार-पाच साक्षीदारांच्या स्मरणात पक्की कोरलेली असते. विटाळाची रूढी निषेधार्हच आहे. तथापि प्रसूतिशास्त्राला तिने नकळत पुरवलेला हा दप्तरी आधार अभ्यासकाने नोंदवलाच पाहिजे. उलट नवऱ्याचे उत्तर आत्मविश्वासाने आलेले असले, तरी ते बहुधा ट्रॅक्टरचा हप्ता भरल्याच्या तारखेवरून काढलेले असते. भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’मध्ये पोळा आणि गौरी शोधून, दुधाच्या हिशेबाखाली दडलेला आकडा वाचून, एकदाची तारीख ठरते, डॉक्टर ती आदराने लिहून घेतात आणि मग यंत्रावर गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून तिची फेरतपासणी करतात. ही लांबी पंचेचाळीस ते चौऱ्याऐंशी मिलिमीटर असेल तरच मानेचे माप ग्राह्य धरले जाते. ती चाळीस भरली, तर ‘आठ दिवसांनी या’ असा निकाल मिळतो, आणि परतीच्या वाटेवर पोळा बरोबर की गौरी, यावर घरात नव्याने सुनावणी सुरू होते.

बॉयलरचा संबंध येतो तो इथे. साखर कारखान्याचा गळीत हंगाम ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ या समारंभाने सुरू होतो, आणि त्याच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून लाखोंच्या संख्येने माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून आधीच घेतलेल्या रकमेला ‘उचल’; उचल जोडीवर असते, त्यामुळे जोडीतील एकाने एक दिवस दांडी मारली तर ‘खाडा’, म्हणजे बुडालेल्या दिवसाचा दंड, दोघांच्या खाती पडतो. आता शेवटची पाळी पोळ्याला आली असे धरल्यास अकरा आठवडे त्रिपुरी पौर्णिमेच्या मागेपुढे पुरे होतात. आणि त्रिपुरी पौर्णिमेला ती बाई घरापासून दोन जिल्हे पलीकडे, कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत, पहाटे तीनला उठून फडात जाण्याच्या तयारीत असते. निकोलायडिस यांची मुदत तीन आठवड्यांची, मुकादमाची मुदत सहा महिन्यांची. दोघांत तडजोड घडवून आणण्याची तरतूद कोणत्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात नाही. आशाताईंनी निघताना हातात दिलेले माता व बाल संरक्षण कार्ड पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली, सुरक्षित प्रवास करते. त्यातील तपासण्यांचे रकाने मात्र बरेचदा कोरेच परत येतात.

जी गावात राहते किंवा जिच्या घरच्यांना खाडा परवडतो, तिच्या पूर्वतयारीचा दुसरा भाग पाण्याचा. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांच्या पुढचा आवाज ऐकू येत नाही. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी सेकंदाला सुमारे तीस ते पन्नास लाख कंपनांच्या असतात, आणि त्यांचे हवेशी हाडवैर व पाण्याशी सख्य असते. पोट आणि यंत्राचा दांडा यांच्यामधली हवा घालवण्यासाठी थंडगार जेल लावतात, तर आतड्यांतली हवा आड येऊ नये म्हणून मूत्राशय भरलेले ठेवतात. भरलेले मूत्राशय आतडी बाजूला सारते, ओटीपोटात खोल बसलेले गर्भाशय किंचित वर उचलते आणि लहरींना पाण्यातून वाट करून देते. म्हणून ‘तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी पिऊन या, आणि लघवीला जाऊ नका’ अशी सूचना अनेक केंद्रांतून दिली जाते.

सूचना निरुपद्रवी दिसते. परंतु ती ज्या जिल्ह्यात दिली जाते तो पर्जन्यछायेतला, टँकरच्या खेपा मोजत वाढलेला जिल्हा आहे, आणि तेथील सुनेवर पाणी जपून वापरण्याचे, तसेच पाहुण्यांसमोर व प्रवासात लघवीचे नाव न काढण्याचे, असे दोन परस्परपूरक संस्कार लहानपणापासून झालेले असतात. एका फोनवर ते दोन्ही संस्कार उलटवायचे असतात. शिवाय डॉक्टरांनी सांगितलेले चार ग्लास घरी पोचेपर्यंत चार तांबे होतात, कारण सासूच्या मते दवाखान्याचे काम आहे, कमी पडायला नको. जिथे हंडाभर पाण्यासाठी रांगेत उभे राहावे लागले, तिथे सुनेला समोर बसवून आग्रहाने पाणी पाजण्याचा हा सोहळा डोहाळजेवणाच्या चार महिने आधी पार पडतो, आणि त्याला फोटोग्राफर बोलावत नाहीत एवढाच काय तो फरक.

यानंतर एसटी येते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. त्यामुळे नवऱ्याचे पूर्ण, बायकोचे आणि सासूचे अर्धे आणि ज्याच्यासाठी हा सर्व प्रवास चालला आहे त्याचे फुकट, अशा सवलतीत कुटुंब तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी निघते. पाटोदा किंवा केजकडून बीडला येणारी गाडी मांजरसुंब्याचा घाट उतरते तेव्हा त्यातील प्रत्येक वळणाचा आणि गतिरोधकाचा मूत्राशयावर होणारा परिणाम रस्ते बांधणाऱ्या कोणत्याही अभियंत्याने विचारात घेतलेला नसतो. नियमानुसार पाणी तपासणीच्या तासभर आधी प्यायचे असते. परंतु बाहेरच्या पाण्यावर विश्वास नसल्याने ते घरूनच पिऊन निघालेले असते, आणि केंद्रात पोचल्यावर कळते की आपला नंबर सतरावा आहे.

प्रतीक्षेच्या या काळात केंद्रातील मावशी दर पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन, सर्व नातेवाईक, परपुरुष आणि एक औषधविक्रेता यांच्या देखत, ‘लागली का?’ असे विचारतात. वाक्याला कर्ता नसतो आणि त्याची गरजही पडत नाही. ‘लागली’ म्हणणारीला ‘अजून जोरात लागू द्या’ असे सांगितले जाते, ‘नाही’ म्हणणारीपुढे बाटली ठेवली जाते. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात गर्भाशय ओटीपोटातून वर येऊ लागलेले असल्यामुळे मूत्राशय काठोकाठ भरण्याची वास्तविक गरज नसते. ते फार ताणले गेले तर गर्भाशय दबते आणि चित्र बिघडते. परिणामी दोन तास तुंबवून आत गेलेल्या बाईला टेबलावर झोपवून, जेल लावून, दोन क्षण पडद्याकडे बघून डॉक्टर म्हणतात, ‘फार भरलीय. थोडी करून या.’ मानवी शरीराला दिल्या गेलेल्या आज्ञांमध्ये ही आज्ञा पाळायला सर्वांत कठीण मानावी लागेल. ‘करा’ हे जमते, ‘करू नका’ हेही एका मर्यादेपर्यंत जमते. ‘थोडी करा आणि थांबा’ हे जमवणाऱ्या स्त्रीच्या मनोनिग्रहापुढे योगशास्त्रातील बरेच अध्याय प्राथमिक ठरतात. ज्यांना ते जमत नाही त्या बाहेर येऊन पुन्हा बाटली उघडतात, आणि त्यांचा नंबर विसावा होतो.

पाण्याच्या जोडीला अन्नाचाही घोळ असतो. पोटाच्या इतर काही सोनोग्राफी उपाशीपोटी कराव्या लागतात, ही माहिती घरातल्या एखाद्या पित्ताशयातील खड्याच्या रुग्णाकडून आधीच पसरलेली असते. गर्भाच्या तपासणीला उपाशी राहण्याची काही गरज नसूनही सुनेला सकाळपासून चहासुद्धा मिळत नाही. मळमळीच्या महिन्यात रिकामे पोट, वर चार तांबे पाणी आणि खाली घाट, अशा अवस्थेत ती केंद्रात येते. आणि तिच्या सोबतीची मंडळी, ज्यांची कसलीच तपासणी व्हायची नसते, ती समोरच्या टपरीवर भजे आणि चहा घेऊन परतलेली असतात.

गुप्ततेचा प्रश्न याहून नाजूक आहे. दिवस राहिल्याची वार्ता तीन महिने पुरे होईपर्यंत फोडू नये, असा घरोघरी दंडक असतो. आणि नेमकी ही तपासणी त्या तीन महिन्यांच्या आत येते. म्हणून घरातून निघताना शेजारी ‘कापड घ्यायला चाललोत’ असे सांगितले जाते. मात्र केंद्राच्या बाकावर बसताच लक्षात येते की अर्धा तालुका आज कापडच घ्यायला आलेला आहे. चुलत जावेची मावशी, गावच्या सरपंचांची सून आणि खुद्द ती शेजारीण, जिला निघताना कापडाचे सांगितले होते, अशा सर्व जणी स्कार्फ तोंडाला बांधून एकमेकींना न ओळखल्याचे उत्तम नाटक वठवत असतात. इतक्यात ‘एनटीवाल्या कोण कोण हायेत? हात वर करा’ अशी घोषणा होते. परत जाताना हातात केंद्राचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेली पिशवी असते. ती कापडाच्या दुकानाच्या पिशवीत घालण्याची युक्ती जिल्ह्यात बऱ्यापैकी रूढ आहे.

पूर्वतयारीचा तिसरा आणि सर्वांत जड भाग कागदांचा. पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्डाची झेरॉक्स आणि माता व बाल संरक्षण कार्ड हे घरून न्यायचे. आणि ‘फॉर्म एफ’ हा केंद्रातच भरायचा. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा कायदा १९९४ साली आला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. फॉर्म एफ हा त्या कायद्याखालील नमुना असून त्यात गरोदर स्त्रीचे नाव, पत्ता, पाळीची तारीख, कोणी पाठवले आणि सोनोग्राफीची जी २३ ग्राह्य कारणे दिली आहेत त्यांपैकी कोणत्या कारणासाठी, हे सर्व लिहावे लागते. हा फॉर्म अपुरा ठेवणे ही नुसती कारकुनी चूक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली निकालात म्हटल्यापासून केंद्रांच्या खिडकीवरील मुलीच्या नजरेत तलाठ्यालाही लाजवणारी करडेपणाची छटा आली आहे. त्यात आधार कार्डावर माहेरचे नाव, चिठ्ठीवर लग्नात बदललेले सासरचे नाव आणि घरात हाक मारण्याचे तिसरेच, अशी परिस्थिती असल्यामुळे नाव पुकारल्यावर पहिल्या दोन हाकांना कुणीच उठत नाही, आणि तिसरीला जी उठते ती दुसरीच असते.

या फॉर्मात एक रकाना हयात मुलांचा आहे: मुलगे किती, मुली किती, प्रत्येकाचे वय काय. हा प्रश्न गरोदर स्त्रीला विचारलेला असला तरी त्याचे उत्तर मागच्या बाकावरून येते, आणि ‘दोन पोरीच हायेत’ यातील ‘च’ लिहून घेण्याची सोय फॉर्मात नसल्यामुळे तो हवेतच राहतो. फॉर्मच्या शेवटी दोन प्रतिज्ञा असतात. गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही, असे ती स्त्री लिहून देते; आपण ते शोधलेले नाही आणि कोणत्याही प्रकारे कोणाला सांगितलेले नाही, असे डॉक्टर लिहून देतात. हे सारे इतके कडेकोट का, याचे उत्तर जिल्ह्याच्या आकड्यांत आहे. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ उरल्या, आणि महाराष्ट्रातील सर्व जिल्ह्यांत हा आकडा सर्वांत कमी होता. २०१२ साली परळीत अवैध गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाला, जिल्ह्याचे नाव देशभर झाले, केंद्रांची झाडाझडती झाली. दोन मुलींची आई मानेचे माप काढायला येते आणि तिच्या हाती पेन दिले जाते, ते या गणितामुळे.

डॉक्टरांवरील बंधन याहून बारीक आहे. गर्भाचे लिंग शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कोणत्याही मार्गाने कळवणे कायद्याने वर्ज्य आहे. आणि ‘अन्य कोणत्याही मार्गाने’ या शब्दांची व्याप्ती कायदेपंडितांपेक्षा नातेवाइकांना अधिक समजलेली असते. डॉक्टर हसले, हसले नाहीत, ‘छान आहे’ म्हणाले, ‘चांगलं आहे’ म्हणाले, रिपोर्टवर निळ्या शाईने सही केली, या प्रत्येकाचा अर्थ लावणारे भाष्यकार बाहेर बसलेले असतात. म्हणून अनुभवी रेडिओलॉजिस्ट चेहऱ्यावरचा एकही स्नायू हलू न देण्याचा सराव करतात. अशा निर्विकार चेहऱ्याबद्दलही ‘काहीतरी लपवायलेत’ असा अभिप्राय मिळतो तो वेगळा.

आतल्या खोलीतील प्रकार याच्याशी पूर्णतः विसंगत असतो. तेथे डॉक्टर गर्भाला पडद्यावर एवढा मोठा करतात की डोके आणि छाती यांनीच पडदा भरावा. गर्भ बरोबर आडव्या बाजूने दिसावा लागतो, मान ताठ नको आणि छातीवर झुकलेलीही नको, कारण मान मागे टाकली तर माप फुगते आणि पुढे झुकवली तर आकसते. शिवाय त्वचा समजून शेजारचा गर्भपिशवीचा पडदा मोजला जाऊ नये म्हणून गर्भ किंचित हलण्याची वाट पाहावी लागते. एवढ्या अटी घातल्यावर, सहा-सात सेंटीमीटरचा तो जीव पाठ करून झोपून राहतो. जिल्हा शल्य चिकित्सकांपासून शिपायापर्यंत सर्वांना लागू असलेला कायदा त्याला लागू नाही. मग पोटावर दांडा हलकेच दाबून पाहतात, बाईला खोकायला लावतात, कुशीवर वळवतात, आणि शेवटी फर्मान निघते: ‘बाळ पोझिशन देत नाही. बाहेर फेऱ्या मारा, काहीतरी गोड खाऊन या.’

या साध्या सूचनेचे बाहेर काय होते, हे विशेष अभ्यासनीय आहे. पेढा म्हणजे मुलगा आणि बर्फी किंवा जिलेबी म्हणजे मुलगी, असे संकेत कुठे कुठे चालतात अशी बोलवा सर्वांनी ऐकलेली असते. अशा वातावरणात ‘डॉक्टर गोड खायला सांगायलेत’ हे वाक्य बाकावर पडताच पाच जण एकदम उभे राहतात. ‘गोड म्हणजे नेमकं काय म्हणाले?’ असे सासू विचारते. सुनेला काही ठाऊक नसते. नवरा धावत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आणतो, कारण त्या दुकानात त्या वेळी तेवढेच शिल्लक असतात. आणि पेढे पाहून सासूच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते, त्याला कायद्यातील कोणतेही कलम लागू होत नाही. हंगाम सीताफळांचा असता आणि बालाघाटाची टोपली दारातच मिळाली असती, तर भाष्यकारांची मोठी पंचाईत झाली असती, कारण सीताफळाचे लिंग अद्याप निश्चित झालेले नाही.

पेढा खाऊन गर्भ एकदाचा वळतो, मान हवी तशी ठेवतो, तीन वेळा माप घेतले जाते आणि तपासणी संपते. त्या क्षणी त्या स्त्रीच्या मनात या जगातील एकाच ठिकाणी पोचण्याची इच्छा उरलेली असते. ती दार ढकलून बाहेर येते, कुणाकडेही न पाहता, कुणाच्याही प्रश्नाला उत्तर न देता, पदर सावरत बोळाच्या टोकाकडे धावते. बाकावर शांतता पसरते. ‘रडत गेली का?’ असे मोठी जाऊ विचारते. ‘तोंड उतरलं होतं,’ असे आत्या सांगते. तीन मिनिटांनी ती परत येते, तेव्हा तिच्या मुद्रेवर असे काही अवर्णनीय सुख असते की सर्व अंदाज पुन्हा उलटतात, आणि सासू पिशवीत उरलेले पेढे शेजारणीला देऊ करते. ज्या दोन चेहऱ्यांवरून सात महिन्यांचे भविष्य वाचले गेले, ते दोन्ही चेहरे मूत्राशयाचे होते.

अहवाल हाती येतो तेव्हा त्यात अपेक्षित उत्तर कुठेच नसते. त्यात गर्भाची लांबी, हृदयाचे ठोके, मानेमागचे माप, नाकाचे हाड दिसते की नाही, आणि रक्ताचा निकाल जोडल्यावर ‘१ : १८००’ अशासारखा एखादा आकडा असतो. अठराशे अशा गरोदर स्त्रियांत एकीच्या गर्भात हा दोष असण्याची शक्यता, असा त्याचा अर्थ. साधारणपणे अडीचशेत एक किंवा त्याहून जास्त शक्यता आली, तर धोका अधिक समजून पुढच्या तपासण्या सुचवतात. ही चाळणी आहे, निदान नव्हे. वेधशाळेने पावसाची शक्यता सांगितली म्हणून पेरणी करून बसणाऱ्या शेतकऱ्याचे काय होते, हे बीड जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. तरीही त्याच जिल्ह्यातील माणूस ‘हाय रिस्क’ हे दोन शब्द वाचून हंबरडा फोडतो आणि ‘लो रिस्क’ वाचून पुढची सोनोग्राफी चुकवतो. वास्तविक अधिक धोका सांगितलेल्या बहुसंख्य स्त्रियांची बाळे पुढे निर्दोष ठरतात. नक्की काय ते वारेतील पेशींचा नमुना किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल घेऊन तपासल्यावर कळते. आणि कमी धोका म्हणजे शून्य धोका नव्हे. आईचे वय वाढेल तशी शक्यता वाढते: विशीत साधारण दीड हजारांत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. हे आकडे बाकावरच्या मंडळींना समजावून सांगायला डॉक्टर दहा मिनिटे घेतात; मंडळी मान डोलावतात आणि अखेरीस विचारतात, ‘ते समदं बरोबर हाय, पण बाकीचं कसं हाय?’

एकंदर पाहता या तपासणीसाठी स्त्रीने करायची तयारी अल्प आहे: पाळीची खरी तारीख, पोटभर नाश्ता, डॉक्टर सांगतील तेवढेच पाणी, सैल कपडे आणि नावे जुळणारे कागद. तयारी अपुरी राहते ती सोबत आलेल्यांची, कारण यंत्र एका प्रश्नाचे उत्तर काढत असते आणि बाक दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर ऐकायला बसलेला असतो. कायद्याने लिंग जाणून घेण्याची इच्छा नसल्याचे लेखी वचन घेतले ते मात्र नेमके त्या व्यक्तीकडून, जिला त्या वेळी स्वच्छतागृहाच्या दिशेखेरीज दुसरे काहीही जाणून घ्यायचे नसते. म्हणून फॉर्म एफला ‘नातेवाइकांचे प्रतिज्ञापत्र’ असे पुरवणी पान जोडावे, अशी सूचना करावीशी वाटते: डॉक्टरांच्या चेहऱ्याचा अर्थ लावणार नाही, पेढ्यांचा अर्थ लावणार नाही, सून धावली तर वाट मोकळी करून देईन, आणि अहवालातील मानेचे माप किती आले हे घरी पोचण्यापूर्वी निदान एकदा विचारीन. ही सूचना स्वीकारली गेल्यास अंमलबजावणीत अडचण एकच येईल: सहीला जागा एक ठेवली, तर ती आधी सासूने करायची की आत्याने, यावरून केंद्र दिवसभर बंद ठेवावे लागेल.